चौदाव्या नंबरची गोळी

४ जून २००७

बँकेची डायरी सहा महिने काउंटरखाली पडून होती. आज लिहायला घेतली, कारण दुकानात जे झालं ते सांगायला घरी कोणी नाही.

दुपारी एक मुलगी आली. म्हणाली, "काकू, मला विकत काही नको. तुमचे ड्रॉवर बघायचेत."

नाव मैथिली. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात भिंतभर एकशे अठ्ठेचाळीस ड्रॉवर आहेत, सासऱ्यांनी सुताराला घरी बसवून करून घेतलेले. प्रत्येकावर आतल्या मुळीचं, पानाचं, सालीचं नाव. तिला ती सगळी नावं हवी होती. यातलं काय रक्ताच्या कॅन्सरवर चालेल ते कॉम्प्युटरवर बघणार म्हणे.

आमचे हे गेल्यापासून रक्ताचा कॅन्सर हे शब्द दुकानात कोणी काढत नाही. तिला ठाऊक नव्हतं. मी ताक दिलं आणि म्हटलं, लिहून घे.

समोरचा चहावाला गणपतराव तिथनंच ओरडला, "अक्का, काम्पुटर बसवतायसा काय? मग आमच्या च्याचं बी बघा की, कशावर चालतोय!"

९ जून

मैथिली रोज येते. आज तिला विचारलं, कॉम्प्युटरला मुळी कडू का गोड ते काय कळतं?

ती म्हणाली, प्रत्येक वनस्पतीत अनेक द्रव्यं असतात, त्यांचे आकार लोकांनी शोधून ठेवलेत. हा रोग वाढवणारं एक प्रथिन असतं, त्याला एक खाच असते. त्या खाचेत एखादं द्रव्य घट्ट बसलं की प्रथिन बंद पडतं. मला कळेना. तिनं उठून हिरड्याचा ड्रॉवर बाहेर काढला आणि बेहड्याच्या जागी सारला. अर्ध्यात अडकला. हाताने केलेले ड्रॉवर, एकाचा दुसऱ्या जागी जात नाही.

"हेच काकू. कॉम्प्युटर एकेक द्रव्य त्या खाचेत घालून बघतो. सगळ्यात घट्ट बसेल त्याचा पहिला नंबर."

"आणि मग औषध झालं?"

"छे हो. मग दहा वर्षं काम. हे नुसतं पाखडणं."

मी तिला एवढंच सांगितलं, यादीत मराठी नावं घाल, म्हणजे मला वाचता येईल. ती हो म्हणाली.

हे शहाण्णव साली गेले. डॉक्टर म्हणाले होते मुंबईला न्या. जायची ह्यांची इच्छा नव्हती. चार महिने मंजिष्ठेचा काढा घेतला, मीच रोज उकळून द्यायचे. शेवटी शेवटी अर्धी भाकरी झाली की ताट सारायचे. म्हणायचे, "शांता, डाव्या कुशीत कुणी दगड ठेवलाय बघ."

२ जुलै

बिद्रीचा जोतीराम आला होता. ह्यांच्या वेळचं गिऱ्हाईक, साखर कारखान्यात बॉयलरवर असतो. दोन वर्षांमागं त्यालाही हाच रोग निघाला. पण आता गोळी आली आहे. इथल्या दवाखान्यातून महिन्याची मिळते, रोज एक, जन्मभर. दवाखान्यातून निघाला की दुकानात डोकावतो.

आज डोळ्यांखाली पिशव्या आल्यासारखी सूज होती. "ही गोळी मरू देईना, अक्का, पर जगूबी देईना. पायात गोळं येत्यात. बॉयलरम्होरं घटकाभर उभारलो की गरगरतंय." कारखान्यानं त्याला गोदामात बसवलंय, पोती मोजायला. पंचवीस वर्षं आगीसमोर उभा राहिलेला माणूस. हंगामाच्या आत बॉयलरवर परत जायचंच म्हणतो.

"पोती मोजून मोजून झोप येतीया," म्हणाला. ओवा नेला.

१४ जुलै

मैथिली पहिली यादी घेऊन आली. तोंड उतरलेलं. "चुकलं काकू सगळं. रद्दी झाली."

मी बघितली. पहिल्या नंबरला मंजिष्ठ.

"यात चूक काय?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच माझा.

तिनं चौदाव्या नंबरवर बोट ठेवलं. तिथं ती गोळी होती, जोतीराम घेतो तीच. ताडून बघायला ती मुद्दाम यादीत घालतात. "ही चौदावी आली ना, तिथंच कळलं मला. मी प्रथिनाची भलतीच बाजू धरली होती. खाच तिथं नव्हतीच. कळलं ना?"

हो म्हटलं. कळलं नव्हतं.

तिनं लाल पेनानं वर उजव्या कोपऱ्यात 'रद्द' लिहिलं आणि सगळा गठ्ठा मला दिला. "पुड्यांना घ्या. फुकट जायला नको."

पुड्यांसाठी मी एका पानाचे चार तुकडे करते. पुडीचा कागद कोणी वाचत नाही, मीच तेवढी वाचते. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन दुकानात आले, त्यानंतरचं माझं सगळं वाचन रद्दीतलं. कादंबरीची मधली सोळा पानं, कोर्टाचे निकाल, कुणाच्या तरी पोराचा नापास झालेला पेपर. गिऱ्हाईक पुडी सोडतं आणि कागद चुलीत घालतं.

मंजिष्ठेचं पान कापताना मात्र सुरी थांबली. चुकीचं असलं तरी. वरच्या ओळी चिरल्या जाणार नाहीत अशा बेतानं कापलं आणि तुकडे बाकीच्यांत मिसळले.

संध्याकाळी गर्दी झाली. जोतीराम सुंठ घेऊन बिद्रीवरून जाणाऱ्या गारगोटीच्या गाडीला पळाला.

२३ जुलै

जोतीरामनं मंजिष्ठ मागितली, अर्धा किलो.

"एवढी कशाला रं?"

"रगत साफ करायला."

"सांगितलं कुणी?"

"वाचलंय की. तुमीच तेवढ्या वाचतासा व्हय?"

हसलो दोघं. मंजिष्ठ रक्तशोधक आहेच, जुन्या ग्रंथांत आहे, त्यात नवल काही नाही. गोळी चालू आहे ना, विचारलं. "औषिद चालू हाय की, अक्का." मग काढा कसा करायचा ते सांगितलं. चमचाभर भरड, चार कप पाणी, एक कप उरवायचं. अकरा वर्षांत हे तोंडानं म्हटलं नव्हतं.

२० ऑगस्ट

जोतीराम ओळखू येईना. डोळ्यांची सूज उतरलेली, पायातले गोळे गेले, चालत स्टँडवरून आला. बॉयलरवर घ्यायचं साहेबांनी कबूल केलंय. आणखी मंजिष्ठ नेली.

मंजिष्ठेचा गुण, दुसरं काय. मैथिलीला म्हणायला पाहिजे, तुझी चुकलेली यादी अगदीच चुकलेली नव्हती.

मग ह्यांना गुण का आला नाही? उशीर झाला असेल. नाहीतर मीच काढा पातळ करत असेन.

८ सप्टेंबर

मैथिली सहज बोलून गेली की लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर एक इंजेक्शन आहे, ते सदाफुलीपासून निघतं. किती वर्षं झाली म्हणे. मी म्हटलं, आपली दारातली सदाफुली? ती म्हणाली, हो, पण पान खाल्लं तर विष. कारखान्यात मणभर पाल्यातून चिमूटभर काढतात.

ह्यांच्या समाधीवर सदाफुली आहे. मीच लावली. पाणी घालावं लागत नाही म्हणून.

संध्याकाळी जाऊन बसले. काही केलं नाही. चार वाळकी पानं काढली.

२५ सप्टेंबर

हल्ली गोळ्या न्यायला जोतीरामची बायको येते, शालूबाई. तो कामातून सुटत नाही म्हणे. ती जरा घाबरलेली होती. "अक्का, त्येंची लघवी लाल हुतीया. म्हणत्यात, रोग भायेर पडतोय."

मी सांगितलं, मंजिष्ठेचा रंग तो, घाबरू नको. तिचा चेहरा काही मोकळा झाला नाही. "तपासायला बी येत न्हाईत," म्हणाली. पुरुष दवाखान्याला कंटाळतात. तसं तिला म्हटलं.

मैथिलीची नवी यादी चालू आहे. कॉम्प्युटर दिवसाला पाच-सहाच द्रव्यं करतो.

१६ ऑक्टोबर

नवरात्राची गर्दी. बाहेरगावची माणसं देवीचं दर्शन करून बाजारात येतात, बसायला फुरसत नाही. त्यातच शालूबाई. हिंग मागत होती. "पोट धरल्यागत झालंय त्येंचं. अर्धी भाकरी खाल्ली की ताट सारत्यात. डाव्या अंगाला दगड ठेवल्यावानी वाटतंय म्हणं. वारा धरलाय का वो?"

हिंग्वाष्टक दिलं. जेवणाआधी तुपातून घ्यायला सांगितलं.

१७ ऑक्टोबर

सकाळी कुलपात किल्ली घातली आणि हात तिथंच राहिला. डावी कुस. अर्धी भाकरी.

आत येऊन ही डायरी काढली. ९ जूनचं पान वाचलं. मग कालचं. तेच शब्द आहेत. मीच लिहिलेत, चार महिन्यांच्या अंतरानं, आणि मध्ये तुपातून हिंग दिलाय.

डोळ्यांची सूज मंजिष्ठेनं उतरली नव्हती. गोळी सोडल्यानं उतरली होती.

१८ ऑक्टोबर

दुकान बंद ठेवून बिद्रीला गेले. नवरात्रात बंद दुकान बघून गणपतराव म्हणाला, "कोण वारलं काय अक्का?" मी म्हटलं, अजून नाही.

जोतीराम पडवीत बसला होता. छाती आत, पोट डावीकडून पुढं आलेलं. मला बघून उठला, उठताना खांब धरला.

"गोळी बंद केलीस?"

शालूबाईनं आतून पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यापुढं ठेवला. तीन महिन्यांच्या गोळ्या. एकही पाकीट फोडलेलं नाही. तिला आजपर्यंत बोलायची सोय नव्हती, हे तिच्या डबा ठेवण्यावरून कळलं.

"का रं?"

त्यानं देव्हाऱ्यातून कागद आणला. प्लास्टिकमध्ये घालून पक्का केलेला, लॅमिनेशन म्हणतात ते. माझा कागद. माझ्या सुरीनं कापलेला. पुडीच्या घड्या अजून दिसतात. वर रोगाचं इंग्रजी नाव, जे त्याच्या फायलीवरही आहे. त्याखाली मंजिष्ठ, आणि सगळ्यात खाली चौदाव्या ओळीत त्याची गोळी. 'रद्द' असलेला तुकडा दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी गेला, चुलीतही गेला असेल.

"ह्यो कागद तुमच्या सुंठीला आला, अक्का. देवानंच धाडला. चौदावा नंबर माज्या गोळीचा! दोन वर्सं चौदाव्या नंबरची गोळी खाऊन डोळं सुजवून घेतलं मी, आन पयल्या नंबरचं तुमच्या ड्रावरात."

मी म्हटलं, ती रद्दी आहे, चुकलेली यादी आहे.

"तुमी तोंडानं म्हणताय. ह्ये छापलंय."

शेवटच्या गाडीनं परत आले. कळंब्याच्या वळणावर गाडी बंद पडली, अर्धा तास सगळे खाली उभे. मला त्या वेळी सुद्धा हिशेब करता येईना की यात माझं किती आणि त्या मुलीचं किती.

१९ ऑक्टोबर

मैथिलीला सांगितलं. ती म्हणाली, "माझं नाव सांगितलंत त्यांना?" नाही म्हटल्यावर तिनं श्वास सोडला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून रडली. "सरांना कळलं तर माझं सगळं बंद होईल, काकू."

"कागद तुझा, पण कापला मी. मराठी नावंही मीच घालायला लावली."

मग मी तिला ते विचारलं, जे जुलैमध्ये कळल्यासारखं केलं होतं. गोळी चौदावी आली म्हणून यादी चूक, हे कसं?

ती म्हणाली, "ती गोळी त्या खाचेत बसते हे आधीच सिद्ध झालंय ना. हजारो माणसं तिच्यावर जगतायत. तिलाच जर माझा कॉम्प्युटर चौदावी म्हणतो, तर बिघाड कुणात?"

मी काउंटरवरच्या तराजूकडं बघितलं. एवढंच होतं तर. मला तीन महिन्यांपूर्वी विचारायला काय झालं होतं? झालं हे होतं, की पहिल्या नंबरला मंजिष्ठ होती. पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

मैथिलीनं डोळे पुसले. "उद्या पहिली गाडी कितीला आहे?"

२० ऑक्टोबर

दोघी गेलो. मैथिलीनं सांगितलं की यादी तिनं केली, चुकली, आणि तिनंच रद्द केली. जोतीरामनं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. आदी छापायचं, मग न्हाय म्हणायचं, ह्ये कसं काय?"

मी म्हटलं, "जोतीराम, तराजूत किलोचं माप टाकलं आणि काटा आठशे दावायला लागला, तर तू काय फेकतोस? माप का तराजू?"

"तराजू."

"तुझी गोळी माप हाय. ज्या तराजूनं तिला चौदावा नंबर दिला, त्यानंच मंजिष्ठेला पहिला दिलाय."

तो प्लास्टिकचा कागद मांडीवर उलटा-पालटा करत बसला. मला वाटलं पटलं. मग त्यानं ह्यांचं काढलं. म्हणाला, "मग दादांनी का घेतली वो मंजिष्ठ? त्येंनी तर जल्मभर दुकान केलं. इंग्रजी औषिद शिवलं न्हाईत. मानी माणूस. म्या म्हटलं, दादांनी जे घेतलं ते आपुन घेऊ."

तिथं मला बोलावं लागलं. मैथिली होती, शालूबाई होती, तरी.

"त्यांनी शिवलं नाही असं नव्हं. मी शिवू दिलं नाही. पिशवी भरून ठेवली होती त्यांनी. मुंबईचं तिकीट काढलं होतं. मीच म्हटलं, काष्ठौषधीचं दुकान आपलं, तुम्हीच सुया टोचून घ्यायला मुंबईला गेलासा तर उद्यापासून गिऱ्हाईक कुठल्या भरवशावर ड्रॉवर उघडायला सांगेल? एक महिना काढा घ्या, मग जाऊ. एका महिन्याचे चार झाले. शेवटी ते म्हणाले, चल आता. तेव्हा उचलून न्यायची सुद्धा सोय नव्हती."

शालूबाई पदर तोंडात धरून उभी.

जोतीराम हळूच म्हणाला, "मंबईला गेलं असतं तर वाचलं असतं?"

"ठाऊक नाही. तेव्हा गोळी नव्हती. तुझ्या डब्यात हाय."

शालूबाईनं डबा उघडला, एक पाकीट काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं काही घेतलं नाही. "उद्या दसरा," म्हणाला. "सोमवारी येतो दवाखान्यात."

९ जूनला मी लिहिलं होतं की जायची ह्यांची इच्छा नव्हती. ती ओळ खोडत नाही. खरं काय ते इथं लिहिलं.

२२ ऑक्टोबर

आला. पहिल्या गाडीनं येतो म्हणाला होता, आला दुसऱ्या गाडीनं. मधला पाऊण तास मी दवाखान्याच्या पायरीवर कसा काढला ते लिहीत नाही.

पांढऱ्या पेशी एक लाख चौऱ्याऐंशी हजार. अकरा हजारांच्या आत हव्यात. डॉक्टरीणबाई त्याच्यावर ओरडल्या, मग शालूबाईवर. मी म्हटलं, माझ्यावर ओरडा, त्यांनी ऐकलं नाही. गोळी आजपासून पुन्हा. लागू पडेल का? काहींना पडते, काहींना मध्ये सोडली की पुन्हा पडत नाही. थांबून बघायचं.

पहिली गोळी त्यानं तिथंच, नळाच्या पाण्यानं घेतली. तोंड वाकडं केलं. "चौदावी," म्हणाला.

९ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. तराजूची पूजा केली. हळदकुंकू लावून आधी किलोचं माप टाकून काटा बघितला.

छापील रद्दी सगळी विकून टाकली. कोरा कागद आणलाय.

२० नोव्हेंबर

पांढऱ्या पेशी शहाण्णव हजार. डॉक्टरीणबाई म्हणतात, उतरतंय, पण हवं तसं नाही. जोतीरामच्या डोळ्यांखाली पुन्हा सूज आली आहे. मला ती बघून बरं वाटलं. असं कुणाच्या सुजेनं बरं वाटून घ्यायची वेळ आली.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला. तो गोदामातही नाही, घरीच.

६ डिसेंबर

मैथिलीची यादी पूर्ण झाली. सरांना तिनं जुलैपासूनचं सगळं सांगितलं. ते आठवडाभर बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढच्या प्रत्येक कागदावर आधी तारीख आणि सही, आणि चुकलेला कागद फाडल्याशिवाय खोलीबाहेर जाणार नाही.

"बघायची काकू?"

गोळी दुसरी आहे. पहिलं एका सालीतलं द्रव्य, त्याचं पुढं काय होतं ते काचेच्या नळीत बघायचं, माणसात नव्हे. मंजिष्ठ बावन्नावी.

मी बावन्नाव्या ओळीवर बोट ठेवून बसले. मैथिलीनं कधी नव्हे ते स्वतः उठून मला पाणी दिलं. कागद परत दिला. ती म्हणाली, ठेवा तुमच्याकडं. मी नको म्हटलं.

२८ डिसेंबर

शालूबाईचा निरोप नाही. गेल्या शुक्रवारी रक्त तपासायचं होतं. मैथिली म्हणते फोन करा. शेजाऱ्यांचा नंबर आहे. दोनदा फिरवला, वाजायच्या आत ठेवला.

१२ जानेवारी २००८

दुपारी दारात सावली पडली. जोतीराम. एकटाच, आणि चालत. पोट आत गेलेलं, डोळे सुजलेले.

"सुंठ द्या अक्का. आन त्वांड असं करू नगा, मी मेलो न्हाय."

"निरोप धाडायचा नाही होय रं?"

"यंत्र बंद हुतं दवाखान्याचं. काल मिळाला रिपोट." खिशातून घडी काढून काउंटरवर ठेवली, पण हात वरून उचलला नाही. "दोन भाकऱ्या खातोय आता. शालू म्हणतीया, पीठ पुरंना."

मला त्या हाताखालच्या कागदाकडं बघायचा धीर होईना. सुंठीचा ड्रॉवर उघडला, तोलली, पुडी बांधायला घेतली. त्यानं ती माझ्या हातातनं घेतली, उलटून बघितली, परत सुलटी केली.

"कोरा?"

"कोरा."

"दोन्ही बाजूनं?"

"दोन्ही बाजूनं."

"मग गाडीत वाचायचं काय माणसानं?"

"ते वाच," मी त्याच्या हाताखालच्या घडीकडं बोट केलं. "इथंच वाच. मोठ्यानं."

त्यानं घडी उलगडली, लांब धरली आणि शाळेत धडा वाचावा तसा पहिल्या ओळीपासून सुरू केला. नाव. वय. गाव बिद्री. तारीख. समोर गणपतरावनं चहाची किटली खाली ठेवली. मग पांढऱ्या पेशींची ओळ आली, तिथं तो थांबला, बोट ठेवलं आणि एकेक अंक सुटा करून वाचला. आठ. दोन. शून्य. शून्य.

"आठ हजार दोनशे," मी म्हटलं.

"खाली अजून हाय," तो म्हणाला, आणि डॉक्टरांच्या सहीपर्यंत सगळं वाचून काढलं.